मोडेमचा तो किर्र आवाज कशाचा असायचा, आणि नेट लावायला घरी माणूस का बोलवावा लागायचा?

मीच तो बोलवावा लागणारा माणूस. २००० च्या आसपास नागपुरात महाल-इतवारीपासून धरमपेठेपर्यंत लोकांकडे मोडेम, म्हणजे फोनच्या लाइनवरून कॉम्प्युटर नेटला जोडणारा डबा, लावत हिंडायचो.

कॉम्प्युटरवरचं काम दहा मिनिटांचं. विंडोज ९८ मध्ये डायल-अप नेटवर्किंग उघडायचं, नंबर, युजरनेम, पासवर्ड टाकायचा, झालं. बाकी सगळा वेळ फोनची लाइन खायची. पहिला खोडा 'नो डायल टोन'चा, म्हणजे फोन उचलल्यावर येणारा सूर सापडत नसल्याचा. रिसीव्हर कानाला लावला तर टोन खणखणीत, आणि मोडेम म्हणतो टोनच नाही! बाहेरच्या देशांचे टोन शिकून आलेल्या त्या डब्यांना आपल्या एक्स्चेंजचा टोन ओळखूच यायचा नाही. मग डायल टोनची वाट बघण्याची टिकमार्क काढायची, किंवा 'एटीएक्स३' ही कमांड द्यायची. एवढ्याशा गोष्टीपायी तीन-तीन दिवस डोकं धरून बसलेले लोक मी पाहिलेत.

आता आवाज. फोनची लाइन माणसाच्या बोलण्यापुरती, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झची. डेटासुद्धा तेवढ्यातच आवाज बनून जायचा. जोडताना दोन्हीकडचे मोडेम आधी लाइन चाचपून बघायचे, खरखर किती, वेग किती झेपेल, आणि ते ठरलं की स्पीकर गप्प. डब्यावर ५६ के, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिटचा वेग, लिहिलेला असला तरी जुन्या केबलवर २८ मिळालं तरी गिऱ्हाईक खूश. लोक म्हणायचे, हा आवाज बंद करून द्या. मी पहिले आठ दिवस चालूच ठेवायला लावायचो. शेवटची फुसफुस पुन्हा पुन्हा व्हायला लागली की समजायचं, कुठेतरी जोड कच्चा आहे.

महालातल्या एका वाड्यात रोज संध्याकाळी सातला कनेक्शन तुटायचं. दोनदा गेलो. ड्रायव्हर पुन्हा टाकला, वायर बदलली, काही फरक नाही. तिसऱ्यांदा मुद्दाम संध्याकाळीच जाऊन बसलो. सात वाजले आणि आतून आजींचा आवाज आला, "अरे बाप्पा, फोनात रातकिडे ओरडून राहिले!" स्वयंपाकघरात त्याच लाइनवर दुसरा फोन होता आणि आजी लेकीला लावायला रोज तो उचलायच्या. दोन खेपांत घरातल्या एकानेही त्या फोनचं नाव काढलं नव्हतं. मग ठरलं, सात ते साडेसात आजी, जेवणं झाल्यावर नातू.

मोडेम सगळ्यात जास्त जळायचे ते मे-जूनच्या वादळात. लोक कॉम्प्युटरचा प्लग काढायचे, फोनची वायर मात्र मोडेममध्ये तशीच, आणि वीज यायची ती तिथूनच. त्या वाड्यात आभाळ गडगडलं की आजी स्वतः उठून दोन्ही वायरी उपटून ठेवायच्या. रातकिड्यांवरचा राग असावा. पण त्यांच्याकडचा मोडेम ब्रॉडबँड येईपर्यंत चालला.