वडील ५८ चे, काही त्रास नाही, तरी पीएसए टेस्ट (प्रोस्टेट कॅन्सरची शंका तपासणारी रक्ताची टेस्ट) करायची का?

हो, करून घ्या, पण आधी डॉक्टरशी बोलून. त्रास नाही म्हणून तुम्ही थांबलाय ना, तिथंच गोची आहे, प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कॅन्सर सुरुवातीला बहुतेक वेळा काहीच लक्षण दाखवत नाही आणि कंबर-हाडं दुखायला लागली की कळतं तोवर तो बऱ्याचदा हाडांत पोचलेला असतो. रात्री चारदा लघवीला उठणं हे बहुतेकदा वयानुसार ग्रंथी वाढल्यामुळं असतं, कॅन्सरमुळं नाही, पण आपल्याकडचे बाप्ये तेही कुणाला सांगत नाहीत, लाजतात.

टेस्ट म्हणजे साधं रक्त द्यायचं. ४ च्या वर आकडा आला की लोक हादरतात, पण इन्फेक्शन, वाढलेली ग्रंथी, आदल्या दिवशी भरपूर सायकल चालवणं, यानंही तो वाढतो. उलट फिनास्टेराइड (वाढलेल्या ग्रंथीवरची किंवा केसगळतीची गोळी) चालू असेल तर आकडा निम्म्यावर येतो, म्हणून गोळ्यांची नावं आधीच सांगा. जास्त आला तर परत टेस्ट, मग एमआरआय, लगेच बायोप्सी (सुईनं तुकडा काढून तपासणं) नाही.

दुसरी बाजू पण आहे, काही कॅन्सर इतके हळू वाढतात की जन्मभर त्रास देत नाहीत, आणि उगाच ऑपरेशन केलं तर लघवीवरचा कंट्रोल जाऊ शकतो. म्हणून अमेरिकेतल्या २०१८ च्या गाइडलाइनमध्ये ५५ ते ६९ वयात डॉक्टरशी चर्चा करून ठरवा असं आहे, सत्तरीनंतर रुटीन टेस्ट नकोच. वडलांना किंवा सख्ख्या भावाला झाला असेल तर मात्र तुम्ही स्वतः ४५ पासून विचारायला लागा.