चार दिवसांत सीई सर्टिफिकेट? नको रे बाबा!

प्रश्न: आमचा बाहेर घालायच्या नैसर्गिक दगडी फरशीचा कारखाना आहे. जर्मनीतला इंपोर्टर सीई मार्किंग (युरोपात माल विकायला लागणारी खूण) मागतोय आणि एक एजन्सी म्हणते फोटो नि पैसे पाठवा, चार दिवसांत सर्टिफिकेट हातात. घेऊ का?

उत्तर: अजिबात नको! तुमची फरशी ईएन 1341 या युरोपियन स्टँडर्डखाली येते आणि तिला सिस्टिम 4 लागते, म्हणजे टेस्ट करून घेणं, कारखान्यात रोजचं प्रॉडक्शन कंट्रोल ठेवणं सगळं तुमच्याच अंगावर, बाहेरची कुठलीच संस्था मध्ये येत नाही. मग जिथे सर्टिफिकेट देणारं कोणी नाहीच तिथे ही मंडळी चार दिवसांत काय देणार, तर रंगीत प्रिंटआउट.

खरा कागद म्हणजे डिक्लरेशन ऑफ परफॉर्मन्स, सगळे डीओपीच म्हणतात. तो तुम्ही बनवायचा, खाली सही तुमची, आणि माल जिथे विकणार त्या देशाला चालेल त्या भाषेत द्यायचा. त्यात मालाचा कोड, वापर कशासाठी, स्टँडर्ड कुठलं आणि मग तो तक्ता: दगड वाकवला तर किती ताकदीला मोडतो, गोठून वितळून गोठून किती टिकतो, ओला असताना पाय किती घसरतो. यातलं जे मोजलंच नाही तिथे एनपीडी (नो परफॉर्मन्स डिटरमाइन्ड, म्हणजे हे मोजलेलं नाही) लिहायला परवानगी आहे (सगळीकडे नाही हं, निदान एक गुण तरी जाहीर करावाच लागतो), पण जिथे हिवाळ्यात फरशीवर बर्फ बसतो तिथल्या गिऱ्हाइकाने गोठण्याच्या रकान्यात एनपीडी बघितलं तर तो पुढे वाचेल असं वाटतं का तुम्हाला?

सीई हा क्वालिटीचा शिक्का नाहीच मुळी. तक्त्यातले आकडे माझे आणि त्यांची जबाबदारी माझी, एवढंच तो सांगतो. आकडा खोटा निघाला तर एजन्सीला कोणी विचारत नाही, तुम्हाला विचारतात. म्हणून डीओपी आणि टेस्टची कागदपत्रं 10 वर्षं जपून ठेवायची.

लेबलवर सीईची अक्षरं कमीत कमी 5 मिमी उंच हवीत. शेजारी जे वर्षाचे दोन आकडे असतात ते माल बनवल्याचं वर्ष नव्हे, त्या प्रकारच्या मालावर सीई पहिल्यांदा लावलं ते वर्ष. ही चूक इतके जण करतात की विचारू नका, दर जानेवारीला नवीन लेबलं छापत बसतात.

प्रश्न: काही मालावर सीईच्या बाजूला चार आकडी नंबर असतो, आमच्यावर का नाही?

उत्तर: तो नोटिफाइड बॉडीचा, म्हणजे तपासणीसाठी मान्यता असलेल्या बाहेरच्या संस्थेचा नंबर. तुमच्या सिस्टिम 4 मध्ये अशी संस्थाच नसते, म्हणून नंबरही नाही. सिमेंट सिस्टिम 1+ मध्ये येतं, तिथे ती संस्था स्वतः नमुने उचलून तपासते. बांधकामाच्या स्टील स्ट्रक्चरला, म्हणजे ईएन 1090-1 ला 2+ आहे, तिथे संस्था फक्त कारखान्याचं प्रॉडक्शन कंट्रोल सर्टिफाय करते, मालाचे आकडे कारखानदाराचेच. कोणी नंबर दाखवला की युरोपियन कमिशनच्या नँडो डेटाबेसमध्ये टाकून बघा, आणि संस्था आहे एवढ्यावर खूश होऊ नका, तिला तुमच्या मालाचं काम करायची परवानगी आहे का तेही बघा.

प्रश्न: इंपोर्टर आमची फरशी स्वतःच्या ब्रँडने विकणार म्हणतो, मग डीओपी कोणाचा?

उत्तर: त्याचा. स्वतःचं नाव लावून बाजारात आणलं की कायद्याच्या नजरेत तोच मॅन्युफॅक्चरर. तुमचे टेस्ट रिपोर्ट तो मागेल, द्यायचे की नाही आणि कुठल्या अटीवर ते आधीच लेखी ठरवा.

प्रश्न: नवीन कायदा आलाय म्हणे, सगळं परत करायचं का?

उत्तर: लगेच नाही. बांधकामाच्या मालाच्या 2011 च्या 305 नंबरच्या युरोपियन रेग्युलेशनच्या जागी 2024 चं 3110 आलंय आणि ते मुख्यतः 8 जानेवारी 2026 पासून लागू. पण तुमच्या मालाचं नवीन स्टँडर्ड येईपर्यंत जुन्याच पद्धतीने चालू राहतं, जुन्या कायद्यातली काही कलमं तर 2040 पर्यंत ठेवलीयत. नवीन डिक्लरेशनमध्ये पर्यावरणाचे आकडेही भरावे लागणार, तेव्हा कारखान्यातली वीज नि डिझेल किती जातं ते आत्तापासूनच लिहून ठेवायला लागा.