आवडता संघ हरल्यानंतर: एका तरुण चाहत्यास पत्र

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. फुटबॉलच्या विश्वचषकात तुझे दोन्ही आवडते संघ पाठोपाठ स्पर्धेबाहेर गेले, त्यातला दुसरा तर पेनल्टी शूटआऊटमध्ये (बरोबरी सुटली नाही की दोन्ही संघ आळीपाळीने गोलरक्षकासमोर एकेक फटका मारतात, त्यात), आणि तेव्हापासून कशातच मन लागत नाही, असे तू लिहिले आहेस. ‘शेवटी तो खेळच आहे’ असे म्हणून घरच्यांनी तुझी समजूत घातली आणि त्यामुळे तू अधिकच चिडलास, हे मी समजू शकतो. ज्या गोष्टीची चार-चार वर्षे वाट पाहायची, ती क्षुल्लक आहे असे ऐकून कोणाचेही दुःख हलके होत नाही. तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस, असे मी सांगणार नाही. मला बोलायचे आहे ते त्या भरात तू लिहिलेल्या दोन वाक्यांबद्दल. पेनल्टी चुकवणाऱ्या खेळाडूने ‘सगळ्यांना बुडवले’, हे पहिले. आणि हा संघ ‘मुळात त्या लायकीचाच नव्हता’, हे दुसरे.

पहिले वाक्य वाचून मला ब्राझीलचा गोलरक्षक मोआसिर बार्बोसा आठवला. १९५० च्या विश्वचषकातील निर्णायक सामन्यात, रिओच्या माराकाना मैदानावर, ब्राझीलला उरुग्वेविरुद्ध केवळ बरोबरी पुरेशी होती. त्याआधीच्या दोन सामन्यांत त्यांनी स्वीडनचा ७-१ आणि स्पेनचा ६-१ असा फडशा पाडला होता, आणि या सामन्यातही मध्यंतरानंतर लगेच त्यांनीच पहिला गोल केला. मग उरुग्वेच्या शियाफिनोने बरोबरी साधली, आणि सामना संपायला दहा-अकरा मिनिटे उरली असताना घिजिया उजव्या बगलेतून पुन्हा आत घुसला. बरोबरीचा गोल त्यानेच त्या बाजूने दिलेल्या पासवर झाला होता. त्यामुळे याही वेळी तो चेंडू मध्ये देईल, अशा अंदाजाने गोलरक्षक बार्बोसा किंचित सरकला आणि घिजियाने त्याच्या व जवळच्या खांबाच्या मधल्या फटीतून चेंडू जाळ्यात धाडला. अंदाज वाजवी होता, तो चुकला, एवढेच. पण दोष वाटून घेण्याजोगे इतरही असताना त्याचा मोठा वाटा बार्बोसाच्या माथी आला आणि २००० साली त्याचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे, लोकांनी त्याला त्या क्षणाचे बोल लावले. इतक्या मोठ्या पराभवाला एक चेहरा मिळाला की चाहत्यांची सोय होते, आणि त्या चेहऱ्याच्या माणसाचे पुढे काय होते याची फिकीर सहसा कोणी करत नाही.

पेनल्टीचेच उदाहरण हवे असेल, तर २०१० च्या विश्वचषकातील घाना आणि उरुग्वे यांचा उपांत्यपूर्व सामना शोधून पाहा. जादा वेळेच्या अगदी शेवटच्या क्षणी जाळ्यात जाणारा घानाचा चेंडू उरुग्वेच्या लुईस सुआरेझने गोलरेषेवर हाताने अडवला, त्याला लाल कार्ड मिळाले आणि घानाला पेनल्टी. ती जाळ्यात गेली असती, तर विश्वचषकाची उपांत्य फेरी गाठणारा तो पहिला आफ्रिकी संघ ठरला असता. घानाच्या असामोआ ग्यानचा फटका क्रॉसबारवर, म्हणजे गोलच्या वरच्या आडव्या दांड्यावर, आदळला. लोकांना एवढेच आठवते. मला मात्र त्यानंतरची काही मिनिटे महत्त्वाची वाटतात, कारण शूटआऊटमध्ये घानाकडून पहिली पेनल्टी घ्यायला पुन्हा ग्यानच पुढे आला आणि त्याने ती जाळ्यात मारली. घाना हरलाच, पण ज्याने हे पाहिले आहे, त्याने ग्यानने बुडवले असे म्हणताना दहा वेळा विचार करावा.

आता तुझे दुसरे वाक्य. फुटबॉलमध्ये गोल फार थोडे होतात. २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे सामन्यामागे तीनही नाहीत. इतक्या कमी गोलांवर निकाल ठरतो, तेव्हा एखादी घसरण, एखादा ऑफसाइड (पास मिळताना खेळाडू नियमापेक्षा पुढे असणे) किंवा खांबाला लागून परतलेला एखादा चेंडू दीड तासाच्या सरस खेळावर पाणी फिरवू शकतो. त्याच स्पर्धेत सलग ३६ सामने अपराजित राहिलेला अर्जेंटिना आपल्या पहिल्याच सामन्यात सौदी अरेबियाकडून १-२ असा हरला. पूर्वार्धात त्यांचे तीन गोल ऑफसाइड ठरून रद्द झाले होते. त्या संध्याकाळी तुझे वाक्य त्यांनाही लावता आले असते, आणि चार आठवड्यांच्या आत तोच संघ विश्वविजेता झाला. याउलट १९५४ च्या हंगेरीने साखळीत पश्चिम जर्मनीला ८-३ असे हरवले आणि अंतिम सामन्यात त्याच संघाविरुद्ध पहिल्या आठ मिनिटांत २-० अशी आघाडी घेऊनही ती २-३ अशी हरली. नेदरलँड्स तीनदा अंतिम फेरीत पोहोचून तीनदा रिकाम्या हाताने परतला. १९३० ते २०२२ या काळात २२ विश्वचषक झाले आणि ते जिंकणारे देश फक्त आठ आहेत. बाकी देशांच्या चाहत्यांनी लायकी चषकावरूनच ठरवायची म्हटले, तर त्यांना संघ सोडूनच द्यावा लागेल.

‘मी सामना पाहायला बसलो की ते हरतात’, हे तू गमतीने लिहिले असावेस, असे मी धरून चालतो. तू पनवती नाहीस. तू टीव्ही बंद ठेवला असतास, तरी चेंडू जिथे जायचा तिथेच गेला असता.

एक काम मात्र कर. त्या खेळाडूला उद्देशून रागाच्या भरात काही लिहून टाकले असशील, तर ते आजच काढून टाक. मग आठवडाभर जाऊ दे आणि त्यानंतर तो सामना पुन्हा पाहा; ठळक क्षणांची चित्रफीत नको, कारण तिच्यात फक्त गोल आणि चुका उरतात, आणि चुकांवरच तर तुझा सगळा राग आहे. निकाल ठाऊक असल्यामुळे धडधड होणार नाही आणि चेंडूपासून दूर कोण कसे धावत होते, मधल्या फळीत जागा कुठे पडत होती, हे प्रथमच नीट दिसेल. विशेषतः जादा वेळ लक्ष देऊन पाहा. तुझ्या त्या खेळाडूने शूटआऊटच्या आधी किती पळापळ केली, किती चेंडू परत मिळवले आणि प्रशिक्षकाने पेनल्टीसाठी त्याचीच निवड का केली असावी, याबद्दल तुला काय वाटते, ते मला सविस्तर लिहून कळव. त्या संघाच्या बचावाबद्दल माझेही काही आक्षेप आहेत, पण ते तुझे पत्र आल्यावर.

तुझा शुभचिंतक