गाणी ऐकत भटकायचंय ना, मग आधी खाली बस

उघड्यावर झोपणाऱ्या माणसांवर, त्यांच्या आवडत्या गाण्यांवर एकट्यानं भटकून लिहायचंय म्हणतोस, तर सुरुवात आपल्या इंदूरच्या सराफ्यातूनच कर. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की तिथे खाण्याचे ठेले लागतात. भुट्ट्याचा कीस जरूर खा, पण गर्दी पांगल्यावर ओट्यावर कोण पथारी टाकतं ते बघ. लगेच फोटो काढू नकोस. शेजारी बस, दोन चहा सांग. 'घर का नाही' असं विचारूच नये. आवडतं गाणं कोणतं ते विचार. माणूस तिथून खुलतो, मग गाव, काम, घरातली भांडणं सगळं आपसूक येतं. चिरक्या मोबाइलवर किशोरकुमार लागला असेल, तर तो खंडव्याचा, इथल्या ख्रिश्चन कॉलेजात शिकलेला, हे तुला माहीत हवं. लताबाईही १९२९ साली इंदूरलाच जन्मल्या. (हे सांगायचा आपल्या मंडळींना भारी सोस, तू आवर.) रीलमधल्या गाण्यालाही नाक मुरडू नकोस.

थंडीत जवळच्या रैन बसेऱ्याचा, म्हणजे बेघरांच्या रात्रनिवाऱ्याचा पत्ता खिशात ठेव. शहरात १ लाख वस्तीमागे किमान १०० जणांच्या निवाऱ्याची सोय असावी, असा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता. तरी कुणाला तिकडे ओढून नेऊ नकोस. सामान चोरीला जायची भीती खरी असते. आणि विचारल्याशिवाय कुणाचं नाव लिहायचं नाही.