वाचकांचे प्रश्न : नकारामागचा हिशेब

प्रश्न : चार्ल्स ब्रॉकडेन ब्राउन यांच्या ‘ऑर्मंड’ (१७९९) या अमेरिकन कादंबरीतील कॉन्स्टॅन्शिया हातातोंडाची गाठ पडत नसतानाही बॅल्फर या सधन व्यापाऱ्याची मागणी नाकारते. त्या काळी एखाद्या गरीब मुलीला हे परवडले असते का? की हा निव्वळ लेखकाचा आदर्शवाद आहे?

उत्तर : आदर्शवाद आहेच, परंतु या नकारामागे रोकडा हिशेबही आहे. न्यूयॉर्कमध्ये औषधांचे दुकान चालवणाऱ्या तिच्या वडिलांना क्रेग हा भागीदार लुबाडतो, पुढे वडील आंधळे होतात आणि फिलाडेल्फियात घर चालवण्याचा भार तिच्या शिवणकामावर येऊन पडतो. १७९३च्या पीतज्वराच्या साथीत तेही काम थांबते, तेव्हा मक्याचे पीठ पाण्यात शिजवून ती दिवस काढते. घरभाड्यापायी वडिलांचे आवडते ल्यूट हे वाद्यही विकावे लागते. बॅल्फर भला माणूस आहे, पण त्याच्याशी तिचे मन जुळण्यासारखे नाही. शिवाय आपली मिळकत तुटपुंजी असली तरी ती कशी खर्चावी हे आपल्या हाती आहे आणि लग्नानंतर तो अधिकार उरणार नाही, हे ती पुरते ओळखून आहे.

ही भीती कल्पनेतली नव्हती. इंग्लंडकडून आलेल्या ‘कव्हर्चर’ या कायदेशीर तत्त्वानुसार विवाहितेची मजुरी आणि जंगम मालमत्ता पतीची होत असे. जमिनीचे उत्पन्नही त्याच्याच हाती जाई. न्यूयॉर्क राज्यात विवाहितेला स्वतःच्या मालमत्तेवर हक्क देणारा कायदा १८४८ मध्ये झाला, तर कमाईवरचा हक्क मिळायला १८६० उजाडले.

पैशाअभावी पुरुषांचीही लग्ने अडत, मात्र त्यांच्यापुढे वाट वेगळी होती. हॅना फॉस्टर यांच्या ‘द कोकेट’मधील (१७९७) उधळ्या सॅनफर्ड एलायझाच्या मागे लागतो, पण लग्न करतो ते पैसेवाल्या मुलीशी. एलायझाच्या वाट्याला बदनामी आणि बाळंतपणातला मृत्यू येतो.

ब्राउन यांनी हा हिशेब शेवटपर्यंत निभावला असे मात्र म्हणवत नाही. कॉन्स्टॅन्शियाची विपन्नावस्था अखेर संपते ती सुईदोऱ्याने नव्हे, तर श्रीमंत ऑर्मंडच्या मेहेरबानीने, आणि वडिलांना दृष्टी परत मिळते तीही त्याच्यामुळेच. पुढे हाच उपकारकर्ता तिच्यावर बळजबरी करू पाहतो, तेव्हा चाकूने त्याचा जीव घेण्यावाचून तिला गत्यंतर राहत नाही.