नाल्यात केळीचे खोड, ग्रामसभेत हशा

प्रश्न : आमचं गाव रावेर तालुक्यात. गावच्या नाल्यात केळीचे खोड, घडांना घालायच्या स्कर्टिंग बॅगा, ठिबकच्या तुटक्या नळ्या साचल्यात. पावसाळ्यात पाणी तुंबून खालच्या आळीत शिरतं. ग्रामसभेत विषय काढला तर लोक हसले. आता मला ‘पर्यावरणवाल्या मॅडम’ म्हणतात. हीच मंडळी व्हॉट्सॲपवर रोज ‘झाडे लावा’ पाठवतात. नाना, लोकांना खरंच काही पडलेलं नाही का?
— एक शिक्षिका

उत्तर : ताई, आधी माझी फजिती ऐका. निवृत्त झालो त्या वर्षी ५ जूनला, पर्यावरण दिनी, धुळ्यात आमच्या कॉलनीत चाळीस रोपं लावली. फोटो झाले, पेढे झाले. आपल्याकडे ५ जून म्हणजे भर उन्हाळाच की! पाऊस येईपर्यंत निम्म्या काड्या झाल्या. पाणी कोण घालणार, हे चाळीस माणसांत एकानेही विचारलं नव्हतं, मीही नाही. वर शेजारचे म्हणाले, ‘त्यानाघाई काय व्हस?’ (त्यानं काय होतं?)

माझे आजोबा पांझरेकाठच्या फडावर पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी वाटणारे, होते. फड पद्धत तुम्ही ऐकली असेल. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि एका फडात, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्यात, सगळ्यांचं एकच पीक. शेकडो वर्षं हे गावांनीच चालवलं. हंगामाआधी पाटातला गाळ काढायचा, ज्याची जमीन जास्त त्याची माणसं जास्त. माणूस आला नाही, तर आजोबा सरळ त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचे. चहा घ्यायचे, विषय काढायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी माणूस हजर! निसर्गप्रेम वगैरे शब्द त्या ओट्यावर कधी निघाले नसतील. पाळी कुणाची, एवढं मात्र सगळ्यांना पाठ होतं. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानेही जंगल राखलं ते कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि दंड स्वतः ठरवून. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

तुमच्या नाल्यात पाळी कुणाचीच नाही. शेतकऱ्याला शिव्या देऊ नका; पुढच्या लागवडीला रान मोकळं करायचं असतं, मजूर महाग, नाला जवळ. खोडाचे तुकडे करून रानातच कुजवले तर पालाश (पोटॅश) जमिनीला परत मिळतो, हे त्याला पटण्यासारखं आहे. ट्रॅक्टरवरचं यंत्र चार-पाच जणांनी मिळून भाड्याने आणावं. नळ्या भंगारवाला घेतोच. खरा त्रास बॅगांचा. केळी कापून ट्रक भरतात तिथेच पोतं ठेवा आणि ते भरून देणं व्यापाऱ्याच्या माणसांशी सौदा करतानाच ठरवून घ्या.

आणि ग्रामसभेत एकट्या उभ्या राहू नका. पाणी शिरतं ते खालच्या आळीच्या चुलीत, तेव्हा त्या बायकांना पुढे करा. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, ठराव तिथेच करून घ्या. ग्रामसभेच्या गणपूर्तीला, म्हणजे किमान हजेरीला, पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यातला कमी आकडा लागतो. तेवढ्या तर त्या आळीतल्याच निघतील! ठरावात ‘नाला स्वच्छ ठेवावा’ असं लिहू नका, त्याला कुणी विचारत नाही. पोतं कुणी ठेवायचं, कोणत्या वारी उचलायचं, न ठेवल्यास किती दंड, हे नावानिशी लिहा.

२६ जानेवारीची ग्रामसभा गाठा. पोती मात्र आत्तापासून जमवा, सुगीत मिळत नाहीत.