तीन वर्षांचं मूल रोज तीच गोष्ट मागतं, नवीन ऐकतच नाही. काय करावं?

तीच सांगा, अगदी बिनधास्त. या वयात पुन्हा पुन्हा ऐकूनच नवे शब्द पक्के होतात, आणि पुढे काय होणार हे आधीच माहीत असण्यात मुलांना मोठा आनंद असतो.

फक्त सांगण्याची पद्धत थोडी बदला. ओळखीच्या वाक्याचा शेवट त्याला पूर्ण करू द्या. चित्रावर बोट ठेवून "हा काय करतोय?" असं विचारा आणि मग खरंच थांबा. आपण मोठी माणसं फार लवकर उत्तर देऊन टाकतो! ते "कुत्रा" म्हणालं, तर "हो, भिजलेला कुत्रा" असं एक पाऊल पुढे न्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या घरी हेच करून पाहिलं. चारच आठवड्यांत मुलांच्या बोलण्यात फरक दिसला.

नर्सरीत सध्या कोणती गोष्ट चालू आहे, ते बाईंना विचारून तीच घरी सांगा. घरची भाषा वेगळी असेल तर घरच्याच भाषेत. नवी गोष्ट हवीच असेल तर आवडत्या गोष्टीनंतर सांगा, तिच्याऐवजी नको. मध्येच उठून गेलं तरी रागावू नका, कान बहुतेक वेळा तुमच्याकडेच असतात.